आधार मागण्याआधी आपल्याला नेमकं काय हवंय ते कसं ओळखायचं

"मला खूप वाईट वाटतंय," असं आपण कुणाला सांगतो, तेव्हा समोरच्याला त्यावर काय करायचं ते कळत नाही. मग तो त्याला जमतं ते करतो. सल्ला देतो, विषय बदलतो, स्वतःची तशीच हकिगत सांगतो किंवा "होईल सगळं नीट" म्हणतो. आपण आधीपेक्षा एकटे होऊन परत येतो, आणि त्यालाही आपण कमी पडलो असं वाटत राहतं. यात माया कमी असतेच असं नाही. बऱ्याचदा मागणाऱ्यालाच काय हवंय ते ठाऊक नसतं, मग देणाऱ्याला कुठून कळणार?

इथे आधार मागण्याआधी करायच्या कामाबद्दल लिहिलं आहे. एक कागद, पेन आणि 20 ते 30 मिनिटं पुरतात. पहिल्या दोन-तीन वेळा जास्त वेळ लागेल, कारण शब्द हाताशी नसतात. डोक्यातल्या डोक्यात हे करू नका. मनात तोच विचार गोल गोल फिरत राहतो. लिहिलं की निदान ओळ संपते तिथे थांबावं लागतं.

एक अट मात्र आधीच. जीव द्यावासा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील किंवा कुणी तुम्हाला मारहाण करत असेल, तर यातली एकही पायरी करत बसू नका. जवळच्या माणसाला, तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला किंवा आपत्कालीन सेवेला लगेच फोन करा. "मला आत्ता मदत हवी आहे, मला एकटं राहायचं नाही" एवढं वाक्य तिथे पुरेसं असतं.

पायरी 1: आधी शरीराकडे बघा

"बरं वाटत नाही" हे एकच वाक्य आपल्याकडे तापालाही चालतं आणि मनालाही. म्हणून कागदावर सगळ्यात वर चार नोंदी करा: शेवटचं नीट जेवण कधी झालं, काल किती तास झोप झाली, दिवसभरात पाणी किती प्यायलं, कुठे दुखतंय का. यातलं एखादं स्पष्टच बिघडलं असेल तर आधी ते सावरा आणि अर्ध्या तासाने कागदाकडे परत या. भावना खोटी होती असा याचा अर्थ नाही. उपाशी, जागरण झालेल्या अंगाला तीच भावना मोठी भासते, आणि मग आपलं मागणंही तेवढंच मोठं होऊन बसतं.

छाती धडधडत असेल, हात थरथरत असतील तर शब्द सापडणारच नाहीत. अशा वेळी मनात 4 मोजत श्वास आत घ्या आणि 6 मोजत बाहेर सोडा. एक फेरी साधारण 10 सेकंदांची होते, म्हणजे मिनिटाला 6 श्वास. असं 5 मिनिटं करा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं. चक्कर आल्यासारखं झालं तर तुम्ही फार खोल श्वास घेताय. गती तीच ठेवून श्वास उथळ करा.

मग शरीरात नेमकं कुठे काय होतंय ते लिहा. गळा दाटलाय, पोटात गोळा आलाय, खांदे कानांपर्यंत चढलेत, डोकं जड झालंय. पुढच्या पायरीला याचा उपयोग होतो.

पायरी 2: काय घडलं ते एका ओळीत

कॅमेऱ्यात टिपता येईल एवढंच लिहा. "ती माझ्याकडे दुर्लक्ष करते" हे कॅमेऱ्यात येत नाही. "रविवारपासून मी तीन मेसेज पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही" हे येतं. नेहमी, कधीच, मुद्दाम, सगळे, कुणीच हे शब्द आले असतील तर खोडा. काहीच घडलेलं नसेल तर तसंच लिहा: "काही झालं नाही, संध्याकाळी सातपासून असं होतंय." ही नोंदही कामाची असते.

पायरी 3: भावनेला नाव द्या

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा आहे.

मराठीत एक सापळा आहे. "वाटणं" हे क्रियापद आपण भावनेलाही वापरतो आणि मतालाही. "मला वाटतं की त्याला माझी किंमत नाही" हे वाक्य भावनेचं दिसतं, पण ते त्याच्याबद्दलचं मत आहे. "मला वाईट वाटतं" ही भावना. ओळखायची खूण सोपी आहे: वाक्यात "की" किंवा "असं" आलं, किंवा घालता आलं, की बहुधा ते मत असतं. त्या वाक्याखाली रेघ ओढा आणि खाली लिहा: "आणि हे मनात आलं की मला ___ होतं." त्या रिकाम्या जागेत एक किंवा दोनच शब्द मावले पाहिजेत.

दुसरा सापळा म्हणजे भावनेसारखे दिसणारे आरोप. डावललेलं, वापरलेलं, झिडकारलेलं, फसवलेलं. या प्रत्येक शब्दात दुसऱ्याने काय केलं ते आहे. तुम्हाला काय झालं ते अजून यायचंय. डावललं गेल्यावर कुणाला दुःख होतं, कुणी चिडतं, कुणी ओशाळतं. या तिघांच्या गरजाही वेगळ्या असतात.

"वाईट" आणि "टेन्शन" या दोन शब्दांवर थांबू नका. त्यांच्यात इतकं काही भरलेलं असतं की त्यांतून गरज बाहेर काढता येत नाही. आपल्या भाषेत बारीक फरक सांगणारे शब्द भरपूर आहेत, ते वापरा. निकालाची वाट बघताना होते ती धाकधूक. तिला माहिती हवी असते, आणि माहिती मिळणं शक्य नसेल तर सोबत. दोन वाटांमध्ये मन ओढलं जातं ती घालमेल. तिला स्पष्टपणे विचार करायला कुणीतरी समोर हवं असतं, निर्णय देणारं मात्र नको असतं. घुसमट म्हणजे सांगायचंय आणि सांगता येत नाही. तिला बिनधास्त बोलता येईल अशी जागा हवी. रुखरुख काहीतरी राहून गेल्याची असते. तिच्यावर दिलासा टिकत नाही, कारण तिला भरपाई हवी असते: माफी मागणं, राहिलेलं पूर्ण करणं. हिरमोड झाला असेल तर आपण किती आशेने वाट बघत होतो हे कुणीतरी मान्य करावं एवढंच हवं असतं, आणि "जाऊ दे ना" हे उत्तर तिथे फार बोचतं. ओशाळल्यासारखं झालं असेल तर "तरीही तू आमचाच आहेस, आमचीच आहेस" हे कळायला हवं असतं. पोरकं वाटत असेल तर आपलेपणा. उबग आला असेल तर विसावा किंवा बदल. हुरहूर आणि तगमग सगळ्यात अवघड, कारण त्यांचं कारण लगेच दिसत नाही. त्यांना दिवसभर तसंच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा.

शब्द शोधण्याचा हा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये लॉस एंजेलिस इथल्या विद्यापीठात एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना भावना दिसणाऱ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. त्या भावनेला योग्य शब्द निवडताना मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झाली. चेहऱ्याला पुरुषाचं की बाईचं नाव शोभेल ते निवडताना तशी झाली नाही. अमिग्डाला हा धोक्याची दखल घेणारा भाग. म्हणजे भावनेला नाव देणं हाच थोडासा उतारा आहे, कुणाला काही सांगण्याच्याही आधी.

"राग" लिहिला असेल तर त्याच्याखाली आणखी एक शब्द लिहून बघा. खाली अनेकदा धास्ती, थकवा किंवा दुखावलेपण निघतं. पण प्रत्येक वेळी काहीतरी निघालंच पाहिजे असा हट्ट धरू नका. कुणी तुमची मर्यादा ओलांडली असेल तर राग हाच बरोबर शब्द असतो, आणि तिथली गरज आधाराची नसून ते थांबण्याची असते.

कितीही बसलात तरी शब्द येत नसेल, सगळं बधिर असेल तर? काही माणसांना स्वतःच्या भावना ओळखणं आणि शब्दांत मांडणं मुळातच कठीण जातं. 1970 च्या दशकात पीटर सिफ्निओस या मानसोपचारतज्ज्ञांनी याला अलेक्झिथायमिया असं नाव दिलं. हा तुमचा निष्काळजीपणा नाही. शरीराच्या नोंदीवरून पुढे जा: "पोटात गोळा आहे, तो कुणाचं नाव घेतल्यावर वाढतो, काय केल्यावर सैल होतो?" एवढ्यावरूनही गरज सापडते.

पायरी 4: भावनेतून गरजेकडे

एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. घरात आजारी माणसाची काळजी घेणारी एक बाई. तिची नोंद: "गेले 12 दिवस रात्री मीच उठतेय. आज दादाने फोनवर 'सगळं ठीक ना?' विचारलं आणि दोन मिनिटांत फोन ठेवला." भावना: आधी राग, त्याखाली थकवा, त्याच्याही खाली एकटेपण. "मला काय हवंय?" या प्रश्नाला तिचं पहिलं उत्तर येतं, "दादाने इथे यायला हवं."

ही गरज नाही, गरज भागवण्याचा एक मार्ग आहे. दोन्हींतला फरक ओळखायला एक नियम पुरतो: गरजेच्या वाक्यात दुसऱ्या कुणाचं नाव येत नाही. विनंतीच्या वाक्यात ते यायलाच हवं. नाव आलं की विचारा, "समजा हे घडलं, तर मला त्यातून काय मिळेल?" उत्तर आलं की पुन्हा तेच विचारा. तीनदा पुरतं, चौथ्यांदा विचारलं की उत्तरं पोकळ व्हायला लागतात.

दादा आला तर काय मिळेल? रात्रीची पाळी वाटून घेता येईल. त्यातून काय मिळेल? सलग झोप. आणखी काही? मी काय करतेय ते त्याला डोळ्यांनी दिसेल. त्यातून? माझ्या कष्टांची कुणीतरी दखल घेतली असं होईल.

तर गरजा दोन निघाल्या: विसावा आणि दखल. आधी त्या "दादाने यावं" या एकाच मागणीत कोंबलेल्या होत्या. दादा आला असता, रात्री उठला असता आणि कौतुकाचा शब्दही बोलला नसता, तर तिला सगळं मिळूनही काहीच न मिळाल्यासारखं वाटलं असतं, आणि का ते तिला सांगता आलं नसतं. नात्यांतली कितीतरी भांडणं या अशा गाठीतून होतात.

दोनपेक्षा जास्त गरजा निघाल्या तर आज सगळ्यात जास्त टोचणाऱ्या दोनच ठेवा, बाकीच्या कागदावर राहू द्या. मग प्रत्येकीपुढे लिहा: यातलं किती मी स्वतः करू शकते? रात्रीसाठी पैसे देऊन मदतनीस ठेवता येत असेल, दुपारी तासभर झोपता येत असेल तर तेवढा भाग स्वतःकडे. दखल मात्र स्वतःची स्वतःला पुरत नाही, ती दुसऱ्याकडूनच यावी लागते. सगळं स्वतःच करायची सवय असलेल्या माणसांनी इथे जपून. "मी बघून घेईन" हे उत्तर तुमच्या हातून फार पटकन लिहिलं जातं.

पायरी 5: आधाराचा प्रकार ठरवा

जेम्स हाउस या समाजशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये आधाराचे चार प्रकार मांडले: भावनिक आधार, प्रत्यक्ष मदत, माहिती, आणि स्वतःला नीट जोखता येईल असा अभिप्राय. रोजच्या बोलीत सांगायचं तर ऐकून घेणं आणि धीर देणं, हातभार लावणं, सल्ला किंवा माहिती देणं, आणि "मी चुकतोय का, खरं सांग" याचं प्रामाणिक उत्तर देणं. यात पाचवी गोष्ट वेगळी धरलेली सोयीची पडते: नुसती सोबत. काही न बोलता शेजारी बसणं. अनेकांना तीच हवी असते आणि ती मागायची लाज वाटते.

प्रकार निवडताना एक प्रश्न विचारा: परिस्थिती बदलणं माझ्या हातात आहे का? कॅरोलिन कट्रोना आणि डॅनियल रसेल यांनी 1990 मध्ये अशी मांडणी केली की ज्या ताणावर आपला ताबा असतो तिथे माहिती आणि प्रत्यक्ष मदत जास्त उपयोगी पडते, आणि जिथे काहीच हातात नसतं तिथे भावनिक आधार. नियम काटेकोर नाही, पण सुरुवातीला चांगला आहे. मुलाखतीची तयारी व्हायची असेल तर सराव घेणारा माणूस शोधा. मुलाखत होऊन निकालाची वाट बघत असाल तर सराव घेणारा आता काय करणार? तिथे सोबत मागा.

पायरी 6: कोण, किती, कधी

आपण सगळं एकाच माणसाकडे मागतो, बहुधा सगळ्यात जवळच्या माणसाकडे. पण उत्तम ऐकणारी मैत्रीण पैशाच्या हिशोबात कच्ची असू शकते, आणि तुमचं काम धावून करणाऱ्या भावाला भावनांबद्दल दोन वाक्यं बोलणं जड जातं. तीन-चार नावं लिहा आणि प्रत्येकासमोर त्याला काय सहज जमतं ते लिहा. जमायला हवं ते नको, आजवर जमलेलं लिहा. त्या माणसाचं सध्या काय चाललंय तेही एका शब्दात टाका. तो स्वतःच बुडत असेल तर आज त्याच्याकडे जाऊ नका.

प्रमाण ठरवा. "जरा बोलायचंय" ऐकलं की समोरच्याला पाच मिनिटं की पूर्ण संध्याकाळ ते कळत नाही, आणि तो टाळतो. वेळ, प्रकार आणि शेवट सांगितला की होकार देणं सोपं जातं:

"ताई, आज रात्री नऊनंतर तुला 20 मिनिटं आहेत का? मला नुसतं बोलायचंय, उपाय नको. तू ऐकलंस तरी पुष्कळ आहे. आज नसेल जमत तर उद्या चालेल."

वरच्या उदाहरणातली बाई दादाला म्हणेल: "दादा, 12 दिवस रात्री मीच उठतेय, मी पार थकलेय. शनिवारी आणि रविवारी रात्री तू थांबशील का? मला दोन रात्री सलग झोप हवी आहे." दखल घेण्याची गरज ती वेगळी मागेल, कदाचित मैत्रिणीकडे: "मी काय काय करतेय ते तुला सांगू का? मला फक्त कुणीतरी म्हणायला हवंय की हे खूप आहे." ठरवून मागितलेली शाबासकी खोटी वाटेल अशी भीती असते. प्रत्यक्षात सांगून मिळालेला शब्दही पोहोचतो, करून बघा.

"मागितल्यावर नाही म्हटलं तर?" या भीतीने बरेच जण पायरी 5 वरून मागे फिरतात. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी 2008 मध्ये दाखवलं की अनोळखी माणसांकडे छोटी मदत मागायला निघालेले लोक नकारांचा अंदाज फार जास्त बांधतात. त्यांना वाटलं होतं त्याच्या जवळपास निम्म्याच माणसांना विचारावं लागलं. उलट बाजूने, न सांगताच कळेल अशी आशाही आपण जास्त धरतो. आपल्या मनात चाललेलं दुसऱ्याला दिसतं असा आपला समज असतो, आणि थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1998 च्या प्रयोगांत तो समज खऱ्यापेक्षा बराच फुगलेला आढळला. "इतकी वर्षं ओळखतो, त्याला कळायला नको?" या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच "नाही, सांगावंच लागतं" असं आहे.

बिघडतं कुठे

सगळ्यात जास्त वेळा बोलता बोलता गरज बदलते. ऐकून घ्या म्हणून सुरू केलेलं असतं, दहाव्या मिनिटाला मन हलकं होतं आणि सल्ला हवासा वाटतो. तसं तोंडाने सांगा: "आता तुला काय वाटतं ते सांग." न सांगता अपेक्षा बदलली तर समोरचा आधीच्याच सूचनेवर चालत राहतो आणि तो थंड आहे असं आपल्याला वाटतं.

सांगूनही कुणी सल्लाच देत राहिलं तर एकदा हळूच थांबवा: "हे नंतर बघू, आधी मला पूर्ण बोलू दे." दुसऱ्यांदाही तेच झालं तर त्या माणसाला ते जमत नाही एवढं समजा. यादीत त्याच्यासमोर "सल्ला" लिहा आणि ऐकण्यासाठी दुसरीकडे जा.

विनंतीत तक्रार मिसळली की काम बिघडतं. "तू कधीच येत नाहीस, निदान शनिवारी तरी ये" यात समोरच्याला पहिलाच अर्धा भाग ऐकू येतो, आणि तो स्वतःचा बचाव करायला लागतो. तक्रार खरी असेल तर तिला वेगळा दिवस द्या.

नकार आला तर कागदाकडे परत या. नकार त्या मार्गाला मिळालेला असतो, गरज अजून शिल्लक आहे. म्हणूनच पायरी 4 मध्ये नाव काढून टाकायचं असतं. यादीतलं दुसरं नाव घ्या, किंवा तेच अर्ध्या प्रमाणात मागा: दोन रात्रींऐवजी एक.

आणखी एक धोका उशिरा लक्षात येतो. त्याच माणसाशी तीच गोष्ट आठवडेच्या आठवडे उगाळली जाते. अमँडा रोझ यांनी 2002 मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीत हे तपासलं: एकमेकांशी त्रासाबद्दल सतत बोलणाऱ्यांची मैत्री घट्ट होती, पण उदासी आणि चिंताही जास्त होती. तीच हकिगत तिसऱ्यांदा सांगायला निघालात तर थांबा आणि पायरी 3 पासून नव्याने लिहा. बहुधा तोवर भावनेचं नाव बदललेलं असतं आणि तुम्ही अजून जुन्याच गरजेसाठी बोलत असता.

काही गरजा माणसांच्या वर्तुळात भागत नाहीत. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच गोडी उरली नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. हा कागद सोबत न्या. पहिल्या भेटीत काय सांगायचं ते अनेकांना सुचत नाही, आणि शरीराची नोंद, काय घडलं ती एक ओळ आणि भावनेचा शब्द एवढ्यावरून समोरच्याला बरंच काही कळतं.

बोलणं झाल्यावर दुसऱ्या दिवशी कागदाच्या मागे तीन छोट्या नोंदी करा: काय मागितलं, काय मिळालं, आता शरीर कसं आहे. मिळूनही गोळा तसाच असेल तर गरज चुकीची ओळखली गेली होती किंवा प्रकार चुकला होता. त्या दोन पायऱ्या पुन्हा करा. असे पाच-सहा कागद जमले की ते शेजारी ठेवून वाचा. बहुतेकांच्या कागदांवर त्याच दोन-तीन गरजा पुन्हा पुन्हा निघतात, आणि त्या ठाऊक झाल्या की पुढच्या वेळी अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत होतं.